पंडित, सोनार आणि पुरावा

१५९३ साली युरोपात एक बातमी पसरली. सायलेशिया प्रांतातल्या सात वर्षांच्या एका मुलाचे दुधाचे दात पडले आणि एका दाढेच्या जागी म्हणे सोन्याचा दात उगवला. हेल्मश्टेट विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक याकोब होर्स्ट यांनी १५९५ मध्ये या दातावर ग्रंथच लिहिला. दात काही अंशी निसर्गाची करणी, काही अंशी दैवी चमत्कार आणि तुर्कांनी गांजलेल्या ख्रिस्ती जनतेला दिलासा म्हणून देवाने तो धाडलेला, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग दुसऱ्या विद्वानाने दुसरा ग्रंथ लिहिला, तिसऱ्याने त्याचे खंडन केले, चौथ्याने सगळ्यांची मते एकत्र केली. शेवटी कुणीतरी सोनाराला दाखवले. दातावर सोन्याचा पातळ पत्रा मोठ्या सफाईने बसवलेला निघाला. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात; इथे त्याने चार पंडितांचे टोचले.

ही हकीकत फाँतनेल या फ्रेंच लेखकाने १६८०च्या दशकात प्राचीन देववाण्यांवरच्या आपल्या पुस्तकात रंगवून सांगितली. आधी ग्रंथ लिहून झाले आणि मग सोनाराला विचारले, यावर त्याचा रोख. होर्स्ट काही मूर्ख नव्हता. त्याच्या काळात एखादी गोष्ट का घडली याचे उत्तर जुन्या ग्रंथांच्या आधाराने देणे म्हणजे विद्वत्ता. मुळात ती घडली का, कुणी पाहिली, पाहणाऱ्याला त्यातले काय कळते, ही चौकशी पंडिताच्या इभ्रतीला शोभणारी मानली जात नसे. नव्वद वर्षांनंतर फाँतनेलच्या वाचकांना तीच गोष्ट ऐकून हसू येत होते. सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपच्या विचारात काय बदलले, ते मला या हसण्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

धर्माचा पराभव आणि बुद्धीचा विजय, अशी या काळाची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती अर्धीच खरी आहे. या कथेतले बहुतेक नायक श्रद्धाळू होते, काही तर धर्मगुरूच होते. बदलले ते पुराव्याचे नियम. कुणाचे म्हणणे कशावरून खरे मानायचे, याची रीत बदलली, आणि ती रीत वेधशाळेतून न्यायालयापर्यंत पोहोचायला दीडदोनशे वर्षे लागली. वाटेत ती अनेकदा अडखळली, काही ठिकाणी पोहोचलीच नाही.

सुरुवात १५४३ पासून करण्याची प्रथा आहे आणि ती मोडायचे कारण नाही. त्या एका वर्षात दोन ग्रंथ छापले गेले: न्यूरेंबर्गला कोपर्निकसचा ग्रहगतीवरचा, बाझलला व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा. कोपर्निकसने चर्चच्या नोकरीत आयुष्य काढले होते आणि ग्रंथ अर्पण केला होता तो साक्षात पोप तिसऱ्या पॉलला. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओझियांडर नावाच्या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाने सुरुवातीला एक निनावी टीप घुसडली. पृथ्वी फिरते हे गणिताच्या सोयीसाठी मानले आहे, ते खरे असलेच पाहिजे असे नाही, असा तिचा आशय. कोपर्निकसचे मत तसे मुळीच नव्हते, पण त्या टिपेने ग्रंथाला चिलखत मिळाले. ७३ वर्षे त्याला कुणी हात लावला नाही. गणिताची काही साधनेही अगदी नवी नव्हती. मराघ्याच्या वेधशाळेतला नसीरुद्दीन तुसी आणि दमास्कसचा इब्न अल-शातिर यांनी तशीच साधने आधी वापरली होती.

व्हेसेलियसचा धक्का अधिक थेट होता. तोवर शरीरविच्छेदनाच्या वर्गात प्राध्यापक उंच आसनावर बसून प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनचा ग्रंथ वाचत आणि खाली एखादा न्हावी-शल्यवैद्य प्रेत फाडत असे. ग्रंथ आणि प्रेत यांत तफावत दिसली तर दोष बहुधा प्रेताचा ठरे. पादुआत व्हेसेलियस आसनावरून उतरला आणि त्याने सुरी स्वतःच्या हातात घेतली. गॅलनने माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडे सांगितली होती. व्हेसेलियसला एकच सापडले. गॅलनने माकडे आणि इतर जनावरे फाडून माणसाबद्दल लिहिले होते, हे त्याच्या ध्यानात आले. तेरा शतके हे कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण ज्याच्या हातात सुरी होती त्याला लॅटिन येत नव्हते.

यानंतर वीसच वर्षांनी हाच सूर आपल्या किनाऱ्यावर उमटला, आणि युरोपीय विज्ञानाच्या आढाव्यांत तो बऱ्याचदा राहून जातो. १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जात-येत असे. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातल्या औषधी आणि मसाल्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. संवादातला एक वैद्य, रुआनो, पुन्हापुन्हा ग्रीक आणि अरब ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता उत्तर देतो ते स्वतः पाहिलेल्या झाडाचे, बाजारात हाताळलेल्या मालाचे, इथल्या वैद्य-हकिमांकडून ऐकून तपासलेल्या गोष्टींचे. प्राचीनांना जे दिसलेच नव्हते त्याबद्दल त्यांचा शब्द का मानायचा, हा त्याचा सवाल. चारच वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि ओर्ता युरोपभर वाचला गेला. तो धर्मांतरित ज्यू कुटुंबातला होता. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची बहीण कातारिना हिला जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. वनस्पतींच्या बाबतीत डोळ्यांचा पुरावा मान्य आणि माणसांच्या बाबतीत कुजबुज पुरेशी, अशी तेव्हाची स्थिती होती.

आकाशात गोष्टी जास्त वेगाने घडल्या. चंद्रापलीकडचे आकाश अविकारी आहे, तिथे काही जन्मत नाही, काही मरत नाही, ही ॲरिस्टॉटलची शिकवण. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तेजस्वी तारा दिसू लागला. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने त्याचे वेध घेतले आणि तो चंद्राच्या खूप पलीकडे आहे असे दाखवले. १५७७ चा धूमकेतूही चंद्रापलीकडचाच निघाला. टायकोकडे दुर्बीण नव्हती. होती ती प्रचंड आकाराची उपकरणे आणि वर्षानुवर्षे वेध घेण्याची चिकाटी. त्याच्या मंगळाच्या नोंदी योहानेस केप्लरच्या हाती आल्या. केप्लरने वर्तुळांच्या आधारे बसवलेले मंगळाचे गणित टायकोच्या वेधांशी ताडले तेव्हा आठ कलांचा फरक उरला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. आधीच्या कुणीही तो सोडून दिला असता. केप्लरने सोडला नाही. निरीक्षण पक्के असेल तर सिद्धान्त मोडला पाहिजे, मग तो दोन हजार वर्षांचा का असेना, असे ठरवून त्याने वर्तुळ टाकले आणि लंबवर्तुळ घेतले. १६०९ मध्ये हे छापून आले. या साऱ्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोठा क्षण हाच. दुर्बिणीचा गाजावाजा जास्त झाला, पण आठ कलांसाठी स्वतःचे गणित फेकून देण्याची शिस्त दुर्बिणीतून येत नाही.

याच केप्लरची दुसरी लढाई कमी लोकांना माहीत असते. १६१५ मध्ये व्युर्टेमबर्गमधल्या लिओनबर्ग गावी त्याच्या आईवर, कॅथरीनावर, चेटकीपणाचा आरोप आला. उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईने सांगितले की हिने दिलेल्या पेयाने मी आजारी पडले. मग गावातले प्रत्येक जुने दुखणे आठवले जाऊ लागले: कुणाची गाय, कुणाचा पाय, कुणाचे मूल. बापाची कवटी थडग्यातून मिळेल का, मुलासाठी तिचा पेला करून घ्यायचा आहे, असे म्हातारीने एकदा स्मशानरक्षकाला विचारले होते; तेही बाहेर आले. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला अटक झाली आणि चौदा महिने ती बहुतेक काळ साखळदंडात राहिली. केप्लर तेव्हा सम्राटाचा राजगणिती होता. हातातली कामे टाकून तो तिकडे गेला आणि बचाव त्याने स्वतः उभा केला. न्यायालयाच्या लेखनिकाने एके ठिकाणी नोंद केली आहे की आरोपी आली आहे आणि दुर्दैवाने तिचा मुलगाही सोबत आहे.

केप्लरने चेटकिणी नसतातच असे म्हटले नाही. म्हटले असते तर दोघेही गेले असते, आणि त्याला स्वतःलाही बहुधा तसे वाटत नव्हते. त्याने साक्षी एकेक करून तपासल्या. उर्सुलाने आजारासाठी आधी कोणती औषधे घेतली होती, कोणत्या साक्षीदाराचे म्हणणे दर वेळी बदलले, कुणाची दुखापत ओझे उचलल्याने झाली असणे जास्त संभवते. मंगळाच्या वेधांना लावलेली कसोटीच त्याने गावगप्पांना लावली. सप्टेंबर १६२१ मध्ये कॅथरीनाला यातनांची हत्यारे दाखवून कबुलीसाठी धमकावले गेले. ती डगमगली नाही. तिची सुटका झाली आणि सहाच महिन्यांनी ती वारली. ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम केप्लरने याच काळात, १६१९ मध्ये, प्रसिद्ध केला होता. आणि हाच माणूस पोटासाठी कुंडल्याही मांडत असे.

गॅलिलिओची कथा इतकी सांगून झाली आहे की तिच्यातला एकच धागा इथे उचलतो. १६१० मध्ये त्याने गुरूभोवती फिरणारे चार चंद्र जाहीर केले, पुढे शुक्राच्या कला दाखवल्या. १६१६ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत बंद झाला. १६३२ मध्ये गॅलिलिओचे संवाद प्रसिद्ध झाले, २२ जून १६३३ रोजी त्याला गुडघ्यांवर बसून आपले मत मागे घ्यावे लागले आणि १६४२ पर्यंतचे उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की कार्डिनल बेलार्मिनने १६१५ मध्ये एका पत्रात म्हटले होते: पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर धर्मवचनांच्या अर्थाचा नव्याने विचार करावा लागेल, पण असा पुरावा अजून मला कुणी दाखवलेला नाही. आणि गॅलिलिओकडे तो खरोखरच नव्हता. भरती-ओहोटी पृथ्वीच्या गतीमुळे होते, हा त्याचा आवडता युक्तिवाद चुकीचा होता. निर्णायक पुरावे खूप उशिरा आले: ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपेरण, म्हणजे पृथ्वीच्या गतीमुळे त्याची बदललेली दिसणारी दिशा, ब्रॅडलीने १७२८ मध्ये दाखवले; ताऱ्याचा लंबन, म्हणजे पृथ्वीची जागा बदलल्याने त्याच्या स्थानात दिसणारा फरक, बेसेलने १८३८ मध्ये मोजला. यामुळे रोमचा अपराध हलका होत नाही. पुरावा मागणे योग्य होते. पुरावा शोधणाऱ्याचे तोंड बंद करणे हा गुन्हा होता. त्याचे फळही लगेच दिसले. फ्रान्सबाहेर, हॉलंडात राहणाऱ्या देकार्तने गॅलिलिओच्या शिक्षेची बातमी ऐकून विश्वरचनेवरचा आपला तयार ग्रंथ छापायचे रहित केले. गॅलिलिओचा शेवटचा आणि शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत भक्कम ग्रंथ १६३८ मध्ये लायडनला, प्रोटेस्टंट हॉलंडात, छापावा लागला.

पद्धतीबद्दल या काळात दोन मोठे दावे झाले. बेकन म्हणाला, मनाला जडलेल्या भ्रमांच्या मूर्ती आधी फोडा, मग धीराने तथ्ये गोळा करा. त्याचा ग्रंथ १६२० चा. पुढच्याच वर्षी हे गृहस्थ लाचखोरीत दोषी ठरून चॅन्सेलरपदावरून गेले, पण त्याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही. देकार्तने १६३७ मध्ये, लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये, सर्व गोष्टींवर शंका घेत एका निःसंशय बिंदूपाशी येण्याचा मार्ग सांगितला. प्रत्यक्षात काम करणाऱ्यांनी दोघांचेही थोडे घेतले आणि बाकी सोडून दिले.

विल्यम हार्वेचे उदाहरण पाहा. यकृतात अन्नापासून सतत नवे रक्त बनते आणि शरीरात ते जिरून जाते, असे गॅलनचे मत. १६२८ च्या आपल्या छोट्या पुस्तकात हार्वेने साधा गुणाकार केला. हृदय एका ठोक्याला अर्धा औंस रक्त पुढे ढकलते असे धरा, अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असे धरा. म्हणजे ५०० औंस, चौदा-पंधरा किलो, तेही अर्ध्या तासात! एवढे अन्न कुणी खात नाही आणि एवढे रक्त कुणाच्या अंगात नसते. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्यांतून ते शिरांमध्ये कुठून जाते ते हार्वेला दिसले नाही. ते १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिले. याच हार्वेवर १६३४ मध्ये राजाच्या हुकमाने लँकेशायरच्या काही बायकांची तपासणी करण्याचे काम आले, अंगावर सैतानाची खूण आहे का ते बघण्याचे. शल्यवैद्य आणि सुइणी सोबत घेऊन त्याने तपासणी केली आणि अनैसर्गिक काही नाही असा अहवाल दिला.

पुरावा एका माणसाच्या डोळ्यांतून समाजापर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न उरला होताच. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलचा मेहुणा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम डोंगर चढला. हवेला वजन असेल तर उंचावर पारा खाली यायला हवा. बरोबर त्याने गावातले प्रतिष्ठित लोक घेतले: धर्मगुरू, अधिकारी, एक वैद्य. खाली क्लेर्मोंच्या मठात तशीच दुसरी नळी ठेवून एका भिक्षूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितले. माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. मठातला जागचा हलला नाही. साक्षीदार, तुलनेची नळी, जागा बदलून केलेली मापे, अहवाल. प्रयोगाचा सगळा संसार या एका दिवसात मांडलेला दिसतो, आणि त्यात एका मठवासी भिक्षूचा वाटा आहे हे विसरू नये.

लंडनच्या रॉयल सोसायटीने याची संस्था केली. नोव्हेंबर १६६० मध्ये ती स्थापन झाली. कुणाच्याही शब्दावर विसंबू नये हे तिचे ब्रीद. बॉइलने हवा काढण्याच्या पंपावरचे प्रयोग सभासदांसमोर केले आणि न आलेल्यांना मनात उभे राहतील इतक्या बारकाईने लिहून काढले, फसलेल्या प्रयोगांसह. १६६५ मध्ये सचिव ओल्डनबर्गने नियतकालिक सुरू केले. परदेशी पत्रव्यवहाराच्या संशयावरून त्याला १६६७ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कोंडले होते. माहितीच्या देवाणघेवाणीची सरकारांना भीती वाटणे काही आजचे नाही. हॉब्जने मात्र बॉइलला खोचक प्रश्न विचारला: तुमचा पंप गळतो, आणि तुमच्या सभेत हवा त्याला येऊन पाहता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर नाही असेच होते. साक्षीदार म्हणून मोजले जात ते सद्गृहस्थ. पंपाचा दांडा फिरवणारा नोकर नव्हे.

न्यूटनबद्दल थोडक्यात. १६८७ चा त्याचा 'प्रिन्सिपिया' खगोलशास्त्रज्ञ हॅलीने पदरचे पैसे घालून छापला, कारण सोसायटीची तिजोरी माशांवरच्या एका देखण्या, न खपलेल्या ग्रंथात रिकामी झाली होती; हॅलीला पगाराच्या जागी त्या ग्रंथाच्या ५० प्रती मिळाल्या. पडणारी वस्तू आणि फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, हे दाखवणारा हा माणूस किमया आणि बायबलातल्या भविष्यवाण्यांवर हजारो पाने लिहीत होता. त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती. लोकांच्या मनावर ठसा उमटवला तो हॅलीने. १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल असे त्याने सांगितले आणि १७४२ मध्ये तो वारला. क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी महिनोन्‌महिने आकडेमोड करून तारखेचा अंदाज नेमका केला. २५ डिसेंबर १७५८ रोजी सॅक्सनीतल्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला तो दिसला. राजांचा मृत्यू आणि दुष्काळ सांगणारा धूमकेतू आता वेळापत्रकाने येऊ लागला होता.

धूमकेतू अपशकुनी नसतात हे पिएर बेलने १६८२ मध्येच लिहिले होते, आणि त्याच पुस्तकात, नास्तिकांचा समाजही नीतीने राहू शकेल, असे तेव्हा कानांना न सोसणारे विधानही करून टाकले होते. त्याआधी १६७० मध्ये स्पिनोझाने, निनावी आणि खोट्या प्रकाशनस्थळासह, बायबल इतर कोणत्याही जुन्या ग्रंथासारखे तपासले: कुणी लिहिले, कधी, कोणत्या भाषेत, कुणासाठी. आकाशाला लावलेले प्रश्न पोथीला लागले. दुसरीकडे ते माणसांच्या संख्येलाही लागले. जॉन ग्रॉंट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये शहराच्या मृत्युनोंदी चाळून दाखवले की जन्मलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ३६ सहा वर्षांच्या आत मरतात. नोंदी वर्षानुवर्षे छापल्या जात होत्या. त्यांची बेरीज-वजाबाकी करून काही शिकता येईल असे कुणाला सुचले नव्हते.

चेटकिणींच्या प्रश्नात मात्र बुद्धीची परीक्षा झाली आणि ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली नाही. या खटल्यांत युरोपभर ४० ते ६० हजार माणसे, बहुतेक बायका, मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आणि खटल्यांचा कळस अंधारयुगात झाला नाही, तो केप्लर-गॅलिलिओच्या काळात झाला. छापखान्याने व्हेसेलियसच्या आकृत्या पसरवल्या तशा चेटकिणी ओळखण्याच्या पुस्तिकाही पसरवल्या. रॉयल सोसायटीचा सभासद जोसेफ ग्लॅनव्हिल याने तर सोसायटीच्याच पद्धतीने साक्षी गोळा करून चेटूक खरे असल्याचे सिद्ध करायचा घाट घातला. उलट बाजूने सर्वांत धारदार प्रहार केला तो फ्रीडरिख श्पे या जेझुइट पाद्र्याने, १६३१ मध्ये, निनावी. यातना दिल्यावर कुणीही काहीही कबूल करील. मग कबुली हा पुरावा कसा, एवढेच त्याचे म्हणणे. निसर्गविज्ञानाचा त्यात लवलेश नाही. फ्रान्सने १६८२ मध्ये आणि ब्रिटनने १७३५ मध्ये कायद्यात चेटकाला लबाडीच्या खात्यात टाकले. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुसला ॲना गोल्डी या मोलकरणीचा शिरच्छेद झाला तो १७८२ मध्ये, कांटच्या 'क्रिटिक'नंतर एका वर्षाने.

न्यायालयातली जुनी व्यवस्था मोडण्याचे श्रेय एका कापडव्यापाऱ्याच्या खटल्याला बरेच जाते. ऑक्टोबर १७६१ मध्ये तुलूजमध्ये प्रोटेस्टंट ज्याँ कालासचा मुलगा दुकानात मृत सापडला. तो कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला, अशी आवई उठली. न्यायालयाकडे पूर्ण पुरावा नव्हता. अफवांचे तुकडे जोडून तो पुरा करण्यात आला. १० मार्च १७६२ रोजी, साठी ओलांडलेल्या कालासची हाडे चाकावर मोडून त्याला ठार केले गेले. अखेरपर्यंत तो निर्दोष असल्याचे सांगत राहिला. व्होल्तेरने कागदपत्रे मागवली, साक्षीदारांना गाठले, आणि चार पाव-अफवा मिळून एक सबंध पुरावा होतो का, असे विचारत तीन वर्षे युरोप हलवून सोडला. १७६५ मध्ये शिक्षा रद्द ठरली. दरम्यान १७६४ मध्ये मिलानच्या बेक्कारियाचे गुन्हे आणि शिक्षांवरचे पुस्तक आले. फ्रान्सने यातनांची पद्धत १७८० आणि १७८८ मध्ये दोन टप्प्यांत बंद केली. वेधशाळेतला प्रश्न कोठडीपर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागला.

लिस्बनचे उदाहरण याच्या उलट दिशेचे. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, चर्च भरलेली असताना भूकंपाने शहर जमीनदोस्त झाले. कांटने भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर लेख लिहिले. मंत्री पोंबालच्या कारकिर्दीत गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली गेली: धक्के किती वेळ टिकले, कोणत्या दिशेने आले, विहिरींचे पाणी बदलले का. देवाचा कोप झाला असे सांगत फिरणारा जेझुइट मालाग्रिदा पोंबालला अडचणीचा होता. १७६१ मध्ये त्याचा गळा आवळून त्याला जाळण्यात आले, आणि ते काम बुद्धिवादी मंत्र्याने धर्मन्यायालयाकडूनच करून घेतले. बुद्धी सत्तेच्या चाकरीत गेली की तिची हत्यारे जुनीच राहतात.

इतिहासकार या साऱ्याला काय म्हणायचे यावर अजून भांडतात. बटरफील्डने १९४९ मध्ये ही ख्रिस्ती धर्माच्या उदयानंतरची सर्वांत मोठी घटना ठरवली. मर्टनने १९३८ मध्ये तिचे मूळ इंग्लंडच्या प्युरिटन वृत्तीत पाहिले. झिल्झेलने ते कारागीर आणि पंडित यांच्या भेटीत शोधले. शेपिन आणि शॅफर यांनी १९८५ मध्ये बॉइल-हॉब्ज वादावर लिहिताना, पुरावा काय हे ठरवणे हाच सत्तेचा प्रश्न असल्याचे दाखवले. मला झिल्झेल सर्वांत पटतो. सूक्ष्म जीव प्रथम पाहणारा डेल्फ्टचा लेव्हेनहूक कापड विकत असे, ग्रॉंट शिवणसामान, स्पिनोझा भिंगे घासून पोट भरत असे. दिदरोने विश्वकोशासाठी कारखान्यांत जाऊन यंत्रे समजून घेतली आणि चित्रांचे ११ खंड काढले. सोनाराला विचारण्याची लाज वाटेनाशी झाली, ही माझ्या लेखी क्रांती. तिच्या मर्यादाही तिथेच आहेत, कारण विचारण्याजोगे कोण हे आधीच ठरलेले असे. १७०२ मध्ये धूमकेतू शोधणाऱ्या मारिया विंकेलमानला बर्लिनच्या अकादमीने पद नाकारले. 'प्रिन्सिपिया'चे फ्रेंच भाषांतर एमिली द्यु शातलेने केले; तरी रॉयल सोसायटीने पहिल्या स्त्रियांना सभासद केले ते १९४५ मध्ये.

गुलामगिरीच्या बाबतीत हिशेब याहून वाईट आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे समभाग खुद्द रॉयल सोसायटीकडे होते, आणि माणसाच्या नैसर्गिक स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या लॉककडेही. चमत्कारांच्या साक्षी इतक्या कठोरपणे तपासणाऱ्या ह्यूमने काळ्या माणसांच्या बुद्धीबद्दल एका तळटीपेत जे लिहिले, त्याला पुरावा म्हणून ऐकीव गोष्टीही पुरेशा मानल्या. उलट त्याच परंपरेतून कोंदोर्सेने १७८१ मध्ये गुलामगिरीवर हल्ला चढवला आणि १७९१-९२ मध्ये थॉमस पेनने जन्मसिद्ध हक्कांची बाजू अशा सोप्या इंग्रजीत मांडली की सरकारने त्याच्यावर खटला भरला. पेनचे ते पुस्तक १८४७ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना.